निसिबिस: रोमच्या पूर्व सीमेवरील नगर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमन साम्राज्याची सीमा म्हटली की ब्रिटनमधील हेड्रियनची भिंत किंवा ऱ्हाइन आणि डॅन्यूब नद्यांच्या काठची ठाणी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतात. पूर्वेकडची सीमा मात्र वेगळी होती. तेथे रोमच्या समोर विस्कळीत टोळ्या नव्हत्या. आधी पार्थियनांचे आणि नंतर ससानी पर्शियाचे तोलामोलाचे साम्राज्य उभे होते. या दोन सत्तांच्या मधोमध जी नगरे होती, त्यांत निसिबिससाठी जितका रक्तपात आणि जितक्या वाटाघाटी झाल्या, तितक्या क्वचितच दुसऱ्या नगरासाठी झाल्या असतील. या नगराविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

निसिबिस नेमके कोठे होते?

तुर्कस्तानच्या आग्नेय भागातील मार्दिन प्रांतात नुसायबिन नावाचे शहर आहे, तेच प्राचीन निसिबिस होय. उत्तरेला तूर अब्दीनचा डोंगराळ प्रदेश, दक्षिणेला उत्तर मेसोपोटेमियाचे विस्तीर्ण माळरान, आणि डोंगरातून उतरून नगराला लागून वाहणारी नदी, जिला ग्रीक लेखक मिग्दोनियस म्हणत आणि आज जगजग म्हणतात. युफ्रेटिस आणि टायग्रिस या दोन नद्यांच्या दरम्यान पूर्व-पश्चिम जाणाऱ्या सैन्याला किंवा तांड्याला डोंगरपायथ्याची वाट सोयीची पडे, कारण पायथ्याशी पाणी मिळे आणि दाणावैरणही मिळे. दक्षिणेच्या कोरड्या माळावर दोन्हींची भ्रांत असे. या वाटेवर निसिबिस बसलेले होते. त्यामुळे ज्याच्या हाती हे नगर, त्याच्या हाती ही वाट, असा सरळ हिशेब होता.

हे नगर रोमनांनी वसवले का?

नाही. रोम येण्यापूर्वी निसिबिसच्या मागे आठशेहून अधिक वर्षांचा इतिहास होता. अश्शूरी लेखांत ते नसिबिना या नावाने येते; तेथे अरामी लोकांचे छोटे राज्य होते आणि अश्शूरचा राजा दुसरा अदाद-निरारी याने इ.स.पू. ८९६ मध्ये ते जिंकून घेतले. अलेक्झांडरनंतरच्या सेल्युकिड राजांनी त्याला ‘मिग्दोनियातील अँटिऑक’ असे ग्रीक नाव दिले, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. पुढे ते आर्मेनियाच्या तिग्रानेस राजाकडे गेले आणि त्याच्याशी चाललेल्या युद्धात इ.स.पू. ६८ च्या हिवाळ्यात रोमन सेनापती लुकुलुस याने ते सर केले. रोमन शस्त्रे निसिबिसमध्ये शिरली ती तेव्हा प्रथम, परंतु ती टिकली नाहीत. त्यानंतर नगर पार्थियनांच्या वर्तुळात गेले. पार्थियन म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथांतील ‘पहलव’ हे नाव ज्यांच्याशी जोडले जाते ते लोक. इ.स. पहिल्या शतकात पार्थियन राजाने निसिबिस आपल्या मांडलिकाला, अदियाबेनेच्या इझातेस राजाला बक्षीस दिले.

मग ते रोमन केव्हा झाले?

एका दिवसात झाले नाही. सम्राट ट्रेजन याने पार्थियनांवरील मोहिमेत ते घेतले, इ.स. ११६ मध्ये नगराने बंड केले आणि लुसियस क्विएतुस या सेनानीने ते पुन्हा काबीज केले. ११७ मध्ये हेड्रियन सत्तेवर येताच त्याने पूर्वेकडील हे नवे प्रांत सोडून दिले. लुसियस व्हेरसच्या काळातील पार्थियन युद्धानंतर (इ.स. १६१ ते १६६) रोमन शिबंदी पुन्हा या भागात बसली.

निर्णायक पाऊल टाकले ते सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने. इ.स. १९५ मध्ये शेजारच्या ओस्रोएने आणि अदियाबेनेच्या लोकांनी निसिबिसला वेढा घातला होता; सेव्हेरसने तो मोडून काढला, नगराला रोमन वसाहतीचा, म्हणजे ‘कोलोनिया’चा दर्जा दिला आणि ‘मेसोपोटेमिया’ या नव्या प्रांताचे ते मुख्य नगर केले. सम्राट फिलिपच्या काळातील नाण्यांवर नगरदेवता तुखे हिचे देऊळ दिसते. तिच्या वर झेप घेणारा मेंढा आणि पायाशी पोहणारा नदीदेव मिग्दोनियस कोरलेला आहे. नगराने स्वतःची ओळख म्हणून नदी निवडली होती. याच नदीने पुढे त्याला जवळजवळ बुडवले, हे ध्यानात ठेवले तर त्या नाण्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

एवढ्या दूरच्या प्रांताचा रोमला खरोखर फायदा होता का?

हा प्रश्न त्या काळातही विचारला गेला होता. सेव्हेरसचा समकालीन आणि स्वतः रोमन सिनेटचा सदस्य असलेला इतिहासकार कॅसियस डिओ याचे मत स्पष्ट होते. सेव्हेरस म्हणे की त्याने मोठा प्रदेश जोडला आणि तो सीरियाची ढाल ठरेल. डिओ उलट लिहितो की हा प्रांत म्हणजे सततच्या युद्धांचे आणि मोठ्या खर्चाचे मूळ आहे, त्यातून उत्पन्न थोडे आणि खर्च फार, कारण आता रोम दुसऱ्यांचीच भांडणे अंगावर घेऊन लढत आहे.

डिओच्या म्हणण्यात तथ्य होते. पण डिओने हिशेब रोमच्या खजिन्यातून मांडला. सीरियातल्या अँटिऑकसारख्या नगरातील रहिवाशाने तो वेगळा मांडला असता. चौथ्या शतकातील इतिहासकार अम्मियानुस मार्सेलिनुस हा याच पूर्वेचा माणूस, आणि त्याने लिहून ठेवले आहे की निसिबिसची मोक्याची जागा आणि त्याचा प्रचंड तट आड आला नसता, तर सगळी पूर्व पर्शियाच्या ताब्यात गेली असती. दोघांच्याही विधानांना आधार आहे. नगर राखणे महाग होते, आणि ते न राखणे त्याहून महाग ठरू शकत होते.

निसिबिसची इ.स. २१७ ची लढाई कशासाठी प्रसिद्ध आहे?

रोम आणि पार्थिया यांच्यातील ही शेवटची मोठी लढाई. सम्राट काराकाल्लाच्या आगळिकीचा सूड घेण्यासाठी पार्थियन राजा अर्ताबानुस चालून आला. तोवर काराकाल्लाचा खून झालेला होता आणि गादीवर मॅक्रिनस होता. लढाई तीन दिवस चालली. रोमनांनी घोड्यांच्या आणि उंटांच्या पायांत रुतावेत म्हणून लोखंडी काटे पसरून ठेवले होते. प्रेतांचे ढीग साचले, पण निकाल लागला नाही, आणि शेवटी मॅक्रिनसने मोठी रक्कम मोजून तह केला. डिओच्या हिशेबाने भेटी धरून ती २० कोटी सेस्टर्सच्या (सेस्टर्स हे रोमन नाणे) घरात जाते. थोड्याच वर्षांत पार्थियनांची सत्ता संपून त्यांच्या जागी ससानी घराणे आले आणि निसिबिसचे ग्रह फिरले. तिसऱ्या शतकात हे नगर पर्शियाने घ्यावे, रोमने परत मिळवावे, असे आलटून पालटून होत राहिले.

इ.स. २९९ च्या तहात निसिबिसचे नाव विशेष कलमात का आले?

इ.स. २९८ मध्ये रोमचा उपसम्राट गॅलेरियस याने ससानी राजा नरसेह याचा असा पराभव केला की राजाचे कुटुंब आणि जनानखाना रोमनांच्या हाती लागला. तहाच्या अटी रोमने घातल्या. टायग्रिसपलीकडचे पाच प्रदेश रोमकडे आले, आणि एका कलमाने ठरले की दोन्ही साम्राज्यांतला व्यापार निसिबिस या एकाच ठिकाणी चालेल. रोमतर्फे वाटाघाटीला गेलेल्या सिकोरियस प्रोबस याला नरसेहने सांगितले की बाकी सर्व मान्य, एवढे कलम नको. प्रोबसने उत्तर दिले की ते बदलण्याचा अधिकार मला दिलेला नाही. नरसेहला मान तुकवावी लागली.

प्रदेश देऊन टाकणारा राजा पेठेच्या कलमावर अडून बसतो, यात या सीमेचे सगळे मर्म आहे. पूर्वेकडून येणारे रेशीम आणि इतर मौल्यवान माल या एकाच दारातून जाऊ लागला की दारावर बसणाऱ्याला जकात मिळते, आणि कोण आले, कोण गेले, यावर नजरही ठेवता येते. इ.स. ४०८-४०९ च्या सुमाराच्या एका रोमन कायद्यात हा दुसरा हेतू उघड शब्दांत सांगितला आहे. त्या कायद्याने दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांना निसिबिस, कॅलिनिकम आणि आर्ताक्साता या तीन ठिकाणांपलीकडे जाण्यास मनाई केली, आणि कारण दिले की एका राज्याची गुपिते दुसऱ्याला कळू नयेत. तेव्हा तर निसिबिस पर्शियाकडे गेलेले होते, तरी पेठ तेथेच राहिली. सीमा हलली, दरवाजा हलला नाही. म्हणूनच या सीमेला भिंत समजण्यापेक्षा पहारा असलेला नाका समजणे अधिक योग्य वाटते.

नगरात कोणते लोक राहत होते?

बहुतेकांची घरातली भाषा अरामीची एक शाखा, म्हणजे सिरियाक होती. कारभार आणि शिक्षण यांत ग्रीक चाले, सैन्यात लॅटिन ऐकू येई. ज्यू वस्ती जुनी आणि भरभक्कम होती; पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस सांगतो की जेरुसलेमच्या मंदिरासाठी गोळा झालेला पैसा सुरक्षित राहावा म्हणून तो निसिबिसमध्ये ठेवला जाई. यहूदा बेन बथिरा या नामांकित रब्बीची पाठशाळाही येथेच होती. ख्रिस्ती समाज चौथ्या शतकाच्या आरंभी चांगला मूळ धरून होता आणि नगराचा बिशप याकूब इ.स. ३२५ च्या निकियाच्या धर्मपरिषदेला हजर होता. या सगळ्यांबरोबर जुन्या देवतांची पूजा करणारेही होते. तटाबाहेर दोन साम्राज्यांची विभागणी स्पष्ट असली, तरी तटाच्या आत माणसांची अशी विभागणी करणे अवघड होते. सीमेच्या पलीकडे, पर्शियाच्या हद्दीतही, हीच सिरियाक बोलणारी माणसे राहत होती.

शापूरने घातलेले तीन वेढे कसे मोडले?

इ.स. २९९ चा अपमान धुऊन काढणे हे राजा दुसरा शापूर याचे अनेक वर्षांचे उद्दिष्ट होते. कॉन्स्टंटाइनच्या मृत्यूनंतर, इ.स. ३३७ च्या सुमारास त्याने पहिला वेढा घातला; तो सुमारे दोन महिने चालला आणि फसला. बिशप याकूबचे निधन याच सुमारास झाले आणि त्याच्या प्रार्थनेने नगर वाचले अशी श्रद्धा रूढ झाली. इ.स. ३४६ चा दुसरा वेढा जवळजवळ तीन महिन्यांनी उठला.

तिसरा, इ.स. ३५० चा वेढा जगाच्या युद्धेतिहासात नोंद व्हावी असा होता. तेव्हा सम्राट कॉन्स्टँटियस पश्चिमेतील बंडात गुंतलेला होता आणि नगराचा बचाव लुसिलियानुस या सेनानीकडे व रहिवाशांकडे होता. शापूरने मिग्दोनियस नदी बांध घालून अडवली. पुढे सम्राट झालेला ज्युलियन आपल्या स्तुतिपर भाषणांत वर्णन करतो की पाणी नगराभोवती तळ्यासारखे पसरले आणि त्यावरून नावांत यंत्रे ठेवून तटावर मारा केला गेला. ज्युलियन स्वतः तेथे नव्हता आणि राजस्तुतीत अतिशयोक्ती असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु पाण्याच्या संकटाला दुसरा साक्षीदार आहे, आणि तो नगराच्या आत होता. तो म्हणजे एफ्रेम, सिरियाक भाषेचा सर्वश्रेष्ठ कवी. त्याच्या निसिबिसविषयीच्या स्तोत्रांत नगर स्वतः बोलते आणि महापुरात तरंगणाऱ्या नोहाच्या तारवाशी स्वतःची तुलना करते: नोहाभोवती फक्त लाटा होत्या, माझ्याभोवती लाटा, मातीचे ढिगारे आणि बाण आहेत.

अखेर पाण्याच्या लोटाने तटाचा एक भाग कोसळला. ज्युलियनच्या सांगण्याप्रमाणे सुमारे शंभर हात. विजय झालाच असे समजून पर्शियन घोडदळ आणि हत्ती त्या खिंडाराकडे सुटले, आणि जे पाणी तटाला भोवले होते तेच आता हल्लेखोरांना भोवले, कारण सगळी जमीन चिखल झाली होती. घोडे रुतले, हत्ती रुतले, वरून बाणांचा वर्षाव झाला. रात्रभरात लोकांनी खिंडारामागे नवी भिंत उभी केली. पहाटे शापूरला ती दिसली तेव्हा वेढ्यात कित्येक महिने गेलेले होते, आणि त्याच्या राज्याच्या पूर्व सीमेवर मध्य आशियातील टोळ्यांनी उचल खाल्ली होती. तो परत फिरला. हत्तींच्या सोंडेत आणि घोड्यांच्या नाकात चिलटे शिरून त्यांनी सैन्य उधळले, ही पाचव्या शतकातील लेखक थिओडोरेटने सांगितलेली कथा भक्तांची आहे. रात्रीत भिंत बांधणाऱ्या माणसांचे श्रम तिच्यामुळे झाकले जाऊ नयेत असे मला वाटते.

वेढ्यांच्या काळात सामान्य माणसाचे काय हाल होत?

याची एक छोटी नोंद अम्मियानुसने ठेवली आहे. तो सैन्यातील अधिकारी होता. इ.स. ३५९ मध्ये शापूर पुन्हा चालून आला, गावांतून धूर निघू लागला आणि अम्मियानुस आपल्या सेनापतीबरोबर निसिबिसहून घाईने बाहेर पडला. दोन मैलांच्या खुणेच्या दगडाजवळ त्यांना रस्त्याच्या मधोमध एक मूल रडत बसलेले दिसले. गळ्यात दागिना, चांगल्या घरचे, वय आठाच्या आसपास. शत्रू जवळ आल्याच्या भीतीने पळताना आईने त्याला मागे सोडले होते. सेनापतीला दया आली. त्याच्या आज्ञेवरून अम्मियानुसने मुलाला आपल्यापुढे घोड्यावर बसवले आणि नगराकडे परतला, तर शत्रूच्या टोळ्यांनी तटाभोवती फेर धरायला सुरुवात केली होती. अर्धवट उघड्या दिंडी दरवाजातून त्याने मुलाला आत सोडले आणि घोडा भरधाव फेकला. तो स्वतः जेमतेम पकडला जाण्यापासून वाचला. त्या वर्षी शापूर निसिबिसला वळसा घालून गेला आणि त्याने आमिदा हे नगर, म्हणजे आजचे दियारबकिर, रक्तरंजित वेढ्यानंतर घेतले. त्या मुलाचे पुढे काय झाले ते इतिहासात नाही, परंतु चार वर्षांनी, तो जगला असेल तर त्याच्या वयाच्या बाराव्या वर्षी, निसिबिसच्या प्रत्येक मुलाला घर सोडावे लागले.

जे नगर तीन वेढ्यांत पडले नाही ते पर्शियाकडे कसे गेले?

कागदावर गेले. इ.स. ३६३ मध्ये सम्राट ज्युलियन मोठे सैन्य घेऊन पर्शियाच्या राजधानीपर्यंत, क्टेसिफोनपर्यंत पोहोचला, पण ती त्याला घेता आली नाही. स्वतःचाच नौकाताफा जाळून तो माघारी वळला आणि २६ जूनला एका चकमकीत भाल्याने जखमी होऊन मरण पावला. सैन्याने जोव्हियन नावाच्या अधिकाऱ्याला सम्राट निवडले. सैन्य शत्रूच्या मुलखात उपाशी होते, टायग्रिस पार करता येत नव्हती, आणि शापूरने तहाचा हात पुढे केला. अटी अशा होत्या: टायग्रिसपलीकडचे पाच प्रदेश, पंधरा किल्ले आणि निसिबिस, सिंगारा व कास्त्रा माउरोरुम ही ठिकाणे पर्शियाला द्यायची; त्या बदल्यात तीस वर्षांची शांतता. जोव्हियनने मोठ्या मिनतवारीने एक सवलत मिळवली: निसिबिस आणि सिंगारा रिकामी करून द्यायची, रहिवाशांना रोमन हद्दीत जाऊ द्यायचे.

सैन्यात असलेल्या अम्मियानुसचा संताप त्याच्या शब्दांत अजूनही धगधगतो. यांपैकी एकही गोष्ट देण्यापेक्षा दहा वेळा लढणे परवडले असते, असे तो म्हणतो.

नगराच्या लोकांनी ते मान्य केले का?

मुळीच नाही. जोव्हियन सैन्यासह निसिबिसला पोहोचला तेव्हा लोकांनी त्याला नगरात मुक्काम करण्याची विनंती केली. त्याने तळ तटाबाहेरच टाकला; ज्या नगरात आजवरचे सम्राट उतरले, ते आपल्या डोळ्यांदेखत शत्रूच्या हवाली होताना आत बसण्याची त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बिनासेस नावाच्या पर्शियन सरदाराने बालेकिल्ल्यावर आपल्या राजाचे निशाण चढवले.

लोकांनी हात जोडून जे मागितले ते वाचताना मन हेलावते. त्यांनी सैन्य मागितले नाही, रसदही मागितली नाही. आम्ही एकटेच लढतो, आजवर अनेकदा लढलो तसे, फक्त आम्हाला लढण्याची मुभा द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. नगरसभेतील प्रतिष्ठित सभासद साबिनुस याने सम्राटाला सुनावले की कॉन्स्टँटियस युद्धात हरला, पळाला, तरी त्याने हे नगर सोडले नव्हते. जोव्हियन शपथेचे कारण पुढे करत राहिला. प्रथेप्रमाणे नगराने त्याला मुकुट अर्पण केला, तेव्हा सिल्वानुस नावाचा वकील उद्गारला: ‘सम्राट, उरलेल्या नगरांकडूनही तुम्हाला असाच मुकुट मिळो.’ त्यावर चिडून सम्राटाने तीन दिवसांत नगर रिकामे करण्याचा हुकूम काढला.

बायका केस तोडत होत्या, माणसे आपल्या घराच्या दारांना आणि चौकटींना मिठ्या मारत होती, पूर्वजांच्या थडग्यांपाशी आक्रोश चालला होता. रस्ते गर्दीने भरून गेले. ज्याला जे उचलता आले ते त्याने उचलले. ओझ्याच्या जनावरांची टंचाई असल्याने मौल्यवान सामान तसेच टाकून द्यावे लागले.

ते लोक गेले कोठे, आणि त्यांच्या जागी कोण आले?

पुष्कळ जण आमिदाला गेले. तेथे त्यांची स्वतंत्र वस्ती झाली. कवी एफ्रेम एडेसाला, म्हणजे आजच्या उर्फा येथे गेला आणि इ.स. ३७३ मध्ये तेथेच वारला. रिकाम्या निसिबिसमध्ये शापूरने इस्तखर, इस्फहान आणि इतर भागांतील १२,००० लोक आणून वसवले, असे पुढच्या काळातील इतिहासकार तबरी सांगतो. रोमन सैन्याच्या अधिकृत नोंदपुस्तकात मात्र नगर गेल्यावरही कॉन्स्टँटिना येथील एका पलटणीचे नाव ‘निसिबिसची पहिली पार्थिका’ असेच राहिले.

या हानीचा दोष कोणाचा मानावा?

दोन प्रत्यक्षदर्शी दोन उत्तरे देतात. जुन्या देवांना मानणारा अम्मियानुस जोव्हियनला दोषी धरतो. त्याच्या मते गादी टिकवण्याच्या घाईत त्याने नगर विकले. ख्रिस्ती एफ्रेम ज्युलियनला दोषी धरतो, कारण ज्युलियनने ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांचा आश्रय घेतला होता. एफ्रेम लिहितो की तटावर पर्शियन निशाण फडकत असताना त्याने तटाजवळ ज्युलियनची शवपेटी पाहिली, तिच्याशेजारी उभे राहून त्याचा शेवट न्याहाळला. त्याच कवनांत तो हेही मोकळेपणाने नोंदवतो की आत आलेल्या पर्शियन अग्निपूजकाने चर्चचा मान राखला.

माझे मत ज्युलियनविरुद्ध झुकते, पण एफ्रेमच्या कारणासाठी नव्हे. उपाशी सैन्य वाचवणे जोव्हियनला भाग होते आणि रहिवाशांना जिवंत बाहेर काढण्याची अट त्यानेच मिळवली. सीमेचे रक्षण करणारी नगरे मागे ठेवून राजधानीवर झेप घेण्याचा जुगार ज्युलियन खेळला, आणि डाव उलटला तेव्हा किंमत त्या नगरांनी मोजली.

रोमने निसिबिस परत घेण्याचा प्रयत्न केला का?

केला, आणि तो दोन शतके निष्फळ ठरला. सिरियाक परंपरेत असाही समज होता की इ.स. ३६३ चा तह १२० वर्षांपुरताच होता आणि मुदत संपल्यावरही पर्शियाने नगर परत दिले नाही. इ.स. ५०२ च्या युद्धात जवळपास भक्कम तळ नसल्याची उणीव रोमन सेनापतींना जाणवली. म्हणून सम्राट अनास्तासियसने निसिबिसच्या समोरच, इतिहासकार प्रोकोपियसच्या मोजणीने ९८ स्टेडिया (ग्रीक अंतरमाप) अंतरावर, दारा हे खेडे निवडले आणि ५०५ ते ५०७ दरम्यान तेथे तटबंदीचे नगर उभारले. सेनापती बेलिसारियसने इ.स. ५३० मध्ये दाराबाहेर पर्शियनांचा मोठा पराभव केला, पण ५४१ मध्ये निसिबिसचा तट पाहून तो वेढा न घालताच पुढे गेला. ५७३ मध्ये वेढा घातला गेला, तो मध्येच सेनापती बदलल्याने विस्कटला, आणि पर्शियाच्या खुस्रोने उलट दाराच जिंकून घेतले. त्या बातमीने सम्राट दुसरा जस्टिन याचे मानसिक संतुलन ढळले असे समकालीन सांगतात. रोमनांनी पूर्वी ज्याच्या जोरावर पर्शियाला रोखले, तोच तट आता त्यांना रोखत होता. सातव्या शतकात, इ.स. ६४० च्या सुमारास, अरब सैन्याने नगर घेतले आणि रोम-पर्शिया हा वादच मिटला.

निसिबिसची विद्यापीठ म्हणून ख्याती कशी झाली?

एडेसा येथे ‘पर्शियनांची पाठशाळा’ नावाची ख्रिस्ती विद्यासंस्था होती. धर्ममतांच्या वादातून सम्राट झेनोने ती इ.स. ४८९ मध्ये बंद केली. तिचा प्रमुख आचार्य नरसाई त्यापूर्वीच सीमा ओलांडून निसिबिसला आला होता आणि बिशप बरसौमाच्या आश्रयाने तेथे नवी पाठशाळा उभी राहिली होती. ३६३ मध्ये निसिबिसचे विद्वान एडेसाला गेले होते; सव्वाशे वर्षांनी एडेसाचे विद्वान निसिबिसला आले. पाठशाळेचे इ.स. ४९६ चे नियम आजही उपलब्ध आहेत. विद्यार्थ्यांनी नगरात धंदा करू नये, आणि परवानगीवाचून रोमन हद्दीत जाऊ नये, असे त्यांत बजावले आहे. सीमेवरच्या विद्यार्थ्यांना कोणते मोह होते, ते या दोन नियमांवरून कळते. सहाव्या शतकात इटलीतील कॅसिओडोरस याने ख्रिस्ती उच्चशिक्षणाची संस्था काढण्याचा विचार मांडला, तेव्हा आदर्श म्हणून निसिबिसचे नाव घेतले.

भारताशी या नगराचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो विद्येचा आहे. इ.स. ६६२ मध्ये सेव्हेरस सेबोख्त या सिरियाक विद्वानाने लिहिले की खगोलशास्त्रात भारतीयांचे शोध ग्रीकांच्या आणि बाबिलोनियनांच्या शोधांहून सूक्ष्म आहेत आणि त्यांची गणनपद्धती नऊ चिन्हांनी चालते. शास्त्र ही फक्त ग्रीकांची मक्तेदारी नाही, हे त्याला दाखवायचे होते. भारतीय अंकांचा भारताबाहेरील हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख, आणि तो करणारा सेबोख्त निसिबिसचा होता.

दुसरा दुवा कोकणापर्यंत येतो. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी-लेखक कॉस्मास याने ‘कॅलिआना’ येथे पर्शियात दीक्षा मिळालेला बिशप असल्याचे नोंदवले आहे; हे कॅलिआना म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या गुरूकडून आपण शिकलो असे कॉस्मास सांगतो, तो मार आबा निसिबिसच्या पाठशाळेत शिकलेला होता आणि पुढे पर्शियातील चर्चचा प्रमुख झाला.

आज तेथे काय पाहायला मिळते?

मार याकूबचे, म्हणजे निकियाला गेलेल्या त्याच बिशप याकूबच्या नावाचे चर्च ही मुख्य वास्तू. त्याच्या भिंतीवरील ग्रीक लेख सांगतो की हे बाप्तिस्मागृह इ.स. ३५९ मध्ये, बिशप वोलोगेसेसच्या काळात बांधले गेले. म्हणजे आमिदाच्या वेढ्याचे ते वर्ष, आणि नगर रिकामे होण्यास अवघी चार वर्षे उरलेली. खालच्या तळघरात याकूबची म्हणून दाखवली जाणारी दगडी शवपेटी आहे. शेजारी झैनुल आबिदीन मशीद आहे. चर्च आणि मशीद मिळून हा परिसर २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. ज्या तटाने तीन वेढे सोसले, त्याचा बहुतेक भाग नव्या वस्तीखाली गेला आहे.

पहिल्या महायुद्धानंतर आखलेली तुर्कस्तान आणि सीरिया यांची सीमा बगदाद रेल्वेच्या मार्गाला धरून निसिबिसच्या कडेने गेली. नुसायबिन उत्तरेला तुर्कस्तानात राहिले, आणि रेषेच्या दक्षिणेला इ.स. १९२६ मध्ये फ्रेंच अमलाखाली कामिश्ली हे नवे शहर वसले. जगजग नदी एका देशातून दुसऱ्या देशात जाते ती याच दोन शहरांच्या मधून.